पुढची खोली

सोमवार, ४ मार्च

कारखान्यातून निघताना साहेबांना विचारून एक कोरी आवक-जावक वही घेतली. तिच्यात हे लिहितो आहे. रकाने आखलेले आहेत, पण ओळ सरळ आडवी लिहीत गेलं की त्यांचा त्रास होत नाही. गावच्या शाळेत गुरुजी रोज पाच ओळी लिहायला लावायचे. म्हणायचे, जे घडलं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते मला नको. तेवढंच करायचं आहे.

घडलं ते असं. सव्वीस वर्षं मी भांडारपाल होतो. आता सुटे भाग बाहेरच्या गोदामातून थेट यंत्रापाशी येतात, म्हणून भांडार बंद झालं. भांडार नाही तर भांडारपाल कशाला? यात मला कुणाचा दोष दिसत नाही. गुरुवारी चाव्या दिल्या. एकशे चौदा होत्या. ज्याने घेतल्या त्याने मोजल्या नाहीत.

आज नेहमीप्रमाणे साडेपाचला उठलो. अंघोळ, देवापुढे दहा मिनिटं, मग कपडे करून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलो. बायकोने बघितलं.

"अहो, बूट कशाला घातलेत?"

"घातले गेले."

"मग आता काढले जाऊ द्या," म्हणाली आणि शिलाई यंत्रावर बसली.

आमच्या खोल्या दोन. मागच्या खोलीत स्वयंपाक आणि मुलीची कॉट. मुलगी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत पाळ्या करते, त्यामुळे दिवसा बहुतेक ती तिथे झोपलेली असते. पुढच्या खोलीत खिडकीशी यंत्र, कोपऱ्यात दोरीवर पडदा, पडद्यामागे उभा आरसा. बायको गेली चौदा वर्षं इथे बायकांचे कपडे शिवते. हे मला माहीत होतं, पण मी बघितलेलं नव्हतं. मी निघायचो तेव्हा ही खोली रिकामी असायची आणि परत यायचो तेव्हाही.

आता घर या यंत्रावर चालणार. कबूल करायला जड नाही. यंत्र चांगलं आहे.


बुधवार, ६ मार्च

माणसं किती चांगली असतात ते नोकरी गेल्यावर कळतं. काल आणि आज मिळून पाच बायका आल्या. प्रत्येकीने दारातूनच हळू आवाजात विचारलं, "घरी आहेत का?" बायको म्हणते, "आहेत." मग त्या म्हणतात, "असू दे, असू दे, मी नंतर येते." मला त्रास होऊ नये म्हणून आल्या पावली परत जातात. इतकी वर्षं या बायका माझ्या घरी येत होत्या आणि मला एकीचाही चेहरा माहीत नव्हता. त्यांना मात्र माझी काळजी.

बायकोला तसं म्हणालो. तिने दोरा दातांनी तोडला आणि "हं" म्हणाली.


सोमवार, ११ मार्च

बायकोला आताशा विसरायला होतं. वयाचं असेल, नाहीतर माझ्या नोकरीची चिंता. आज तीनदा मला चौकापलीकडच्या बटणवाल्याकडे पाठवलं. सकाळी पांढरा दोरा. परत येऊन टेकतो तोच, "अहो, काळा राहिला." दुपारी, "सोळा नंबरची सुई." मी म्हणालो, यादी करून दे, एका खेपेत आणतो. भांडाराचा पहिला नियमच तो. म्हणाली, "तुमचे पाय मोकळे होतात ना?"

बटणवाला माझ्याहून दहा वर्षांनी मोठा आहे, तोंडाने फटकळ. तिसऱ्यांदा बघितल्यावर म्हणाला, "काय हो, घरी दोरा शिवायला वापरता की जेवायला?" त्याचं दुकान बघवत नाही. बटणं चहाच्या डब्यात, हुक बिस्किटांच्या डब्यात, डब्यावर चिठ्ठी नाही. हवी ती वस्तू त्याला सापडते, पण ती नशिबाने.


गुरुवार, १४ मार्च

एका औषधांच्या गोदामात मुलाखत झाली. घेणारा तिशीचा असेल. सभ्य होता. संगणकावर काय काय येतं विचारलं. मी म्हणालो, नोंदी येतात. तो म्हणाला, "काका, नोंदी आता कोणी करत नाही, त्या होतात." मला ते वाक्य आवडलं. कळवतो म्हणाला. कळवणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी हात मिळवून निघालो.

घरी आलो तर पुढच्या खोलीत तीन बायका. मी आत आलो आणि त्या उठल्या. एकीची एकच बाही टाचलेली होती, ती तशीच ओढणी गुंडाळून निघाली. बायकांना घरी फार कामं असतात.

मुलगी जागी होती. चहा देताना म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज जरा बाहेर पडत जा. वाचनालय आहे, बाग आहे. आईलाही थोडं..."

"आईला थोडं काय?"

"काही नाही. साखर बघा पुरेशी आहे का."


सोमवार, १८ मार्च

आज एक काम मनासारखं झालं.

बायको हल्ली टेप आणि वही पिशवीत टाकून गिऱ्हाइकांच्या घरी जाते आणि तिथेच मापं घेते. पूर्वी सगळं इथेच व्हायचं. बसून बसून तिची पाठ धरते, तेव्हा चालणं झालं तर बरंच. ती आज दोन तास नव्हती. मी तिचं कपाट लावलं.

कपाटात एकोणीस गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्यात नवं कोरं कापड आणि त्याभोवती एक जुना वापरलेला कपडा गुंडाळलेला, वरून कापडाची चिंधी बांधलेली. ना नाव, ना नंबर. नवा माल आणि जुना माल एकत्र बांधलेला मी सव्वीस वर्षांत कधी बघितला नव्हता. सगळे गठ्ठे सोडले. जुने कपडे नीट घडी करून वरच्या फळीवर, रंगाप्रमाणे. नवं कापड खालच्या फळीवर, लांबीप्रमाणे. चिंध्या एका डब्यात. फळ्यांना चिठ्ठ्या लावल्या.

ती आली. कपाट उघडं होतं, त्याच्यासमोर पिशवी हातात धरून उभी राहिली.

"कसं वाटतं?" मी विचारलं.

"छान दिसतंय," ती म्हणाली. मग खाली बसली. बराच वेळ बसून होती. एकेक जुना कपडा उचलायची, डोळे मिटायची, परत ठेवायची. नवी व्यवस्था समजून घेत असावी.


शनिवार, २३ मार्च

बँकेतल्या बाई आल्या. या बाईंचा बायकोला आधार आहे. तिची निम्मी गिऱ्हाइकं यांच्या ओळखीतून आलेली. बाईंना बढती मिळाली आहे, त्या शाखाप्रमुख होणार. बुधवारी संध्याकाळी मोठा समारंभ आहे, त्यात त्यांचं भाषण. त्यासाठी बहिणीने परदेशातून पाठवलेल्या निळ्या रेशमाचा झगा शिवायला दिला होता, तो तयार झाला.

बायको म्हणाली, "एकदा घालून बघा ना. पडदा ओढते."

बाईंनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वर्तमानपत्र वाचत होतो. त्यांना संकोच वाटू नये म्हणून म्हणालो, "माझी काही अडचण होत नाही. तुमचं खुशाल चालू द्या."

"नको, नको," बाई म्हणाल्या. "घरीच बघते घालून. इतकी वर्षं शिवताय, काय चुकणार आहे!"

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जरा दूध आणता का?" मी बघून आलो, दूध भरपूर होतं. तसं सांगितलं. तोवर बाई गेल्याही होत्या.


मंगळवार, २६ मार्च

घडलं ते घडलं तसं लिहितो.

सकाळी नऊला बँकेतल्या बाई आल्या. मी मागच्या खोलीत दाढी करत होतो. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त स्पष्ट ऐकू आला.

"डोक्यातून खालीच उतरत नाही हो. छातीशी अडकला तो अडकला. मुलाला हाक मारून ओढून काढायला लावला, काय सांगू! उद्या संध्याकाळी घालायचा आहे. हे कापड मी दुसरं कुठून आणू?"

झगा उलटा करून बघितल्याचा आवाज. मग बायको हळूच म्हणाली, "हे तुमचं माप नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंचं आहे. दोघींचेही जुने कपडे गडद निळे."

"चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

"माझ्याच हातून झालं, बाई. माझीच चूक."

तेव्हा मला कळलं. जुना कपडा हेच माप होतं. ज्या बाईचं कापड, तिचाच अंगासरसा बसलेला कपडा त्याच्याभोवती. नाव लिहायची गरजच नव्हती. एकोणीस गठ्ठे मी सोडले, आणि बायकोने एकोणीस जोड्या आठवून आठवून परत लावल्या. सतरा बरोबर आल्या, दोन जोड्यांची अदलाबदल झाली. मालाच्या हिशेबाने ही चूक किरकोळ म्हणतात.

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून बाहेर गेलो. "चूक हिची नाही. गठ्ठे मी सोडले. हिला विचारलंही नाही."

बायको म्हणाली, "तुम्ही आत जा बघू."

बाईंनी झगा यंत्रावर ठेवला. मग म्हणाल्या, "भाऊ, गठ्ठ्यांचं सोडा. शनिवारी इथेच घालून बघितला असता तर तेव्हाच कळलं असतं की नाही?"

"कळलं असतं. मग का नाही बघितलात?"

"तुम्ही बसला होतात ना!"

मी म्हणालो, पडदा होता.

"कसला पडदा? दोरीवरची चादर ती. पलीकडे तुम्ही पानं उलटताय आणि अलीकडे मी एक हात बाहीत अडकवून उभी. एकटी मीच नाही, भाऊ. हल्ली कोणीच येत नाही इथे. चौघींनी तर दुसरीकडे टाकले कपडे. हिला सांगवत नाही, म्हणून मी सांगते. राग आला तर येऊ द्या."

राग आला नाही. बायको यंत्राच्या चाकावरून फडकं फिरवत होती. चाक स्वच्छ होतं.

मागच्या खोलीत येऊन ही वही काढली आणि सहा मार्चची नोंद वाचली. नंतर अकराची, चौदाची, अठराची. कुठेही खोटं लिहिलेलं नाही. सगळं जसं दिसलं तसंच आहे. खोडावंसं वाटलं, पण भांडाराच्या वहीत खाडाखोड चालत नाही.

थोड्या वेळाने बायकोची हाक आली. "अहो, येता का? उसवायला दोन हात कमी पडतायत."

दिवसभर उसवत होतो. रेशमातून टीप काढायची म्हणजे सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायचा, ओढायचा नाही. ओढलं की कापडाला वण राहतो. शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. तिने दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवली होती, म्हणून झगा वाचण्याची आशा होती. ती सगळी सोडवली, तरी चार बोटं कमीच. मग उरलेल्या तुकड्यांतून काखेखाली लांबट कळ्या, म्हणजे निमुळते जोड, घालायच्या ठरल्या.

काम करता करता विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" तिची नजर सुईवर होती. "घरात बसू नका म्हणून? कारखान्याने काढलं, आणि घरी आलात तर मी पण..." तिने माझ्या हातातलं कापड उजेडाकडे वळवलं. मग म्हणाली, "तो टाका सुटला बघा तुमचा. तिथे."

तिथे खरोखरच एक टाका राहिला होता.


गुरुवार, २८ मार्च

काल दुपारी झगा पोहोचवला. आज बाईंचा निरोप आला: भाषण झालं, हात वर करता आला, कळ्या कोणाला दिसल्या नाहीत. बायकोने निरोप दोनदा वाचला आणि मग स्वयंपाकाला लागली. गेलेल्या चौघींबद्दल निरोपात काही नव्हतं.


सोमवार, १ एप्रिल

सकाळी सांगितलं, आजपासून दहा ते पाच मी घरात नसेन.

"आणि कुठे जाणार?"

"वाचनालयात. बागेत."

"तुम्ही तुमच्याच घरातून बाहेर का जायचं? मी मागच्या खोलीत नेते ना यंत्र."

"मागे उजेड नाही. आणि पोरगी कुठे झोपेल, छतावर?"

"पाऊस आला तर?"

"छत्री आहे."

डबा भरता भरता म्हणाली, "कोणी विचारलं कुठे जातात, तर काय सांगू?"

"कामाला जातात असं सांगू नकोस. बाहेर जातात म्हण."

डबा दिला. सव्वीस वर्षं दिला तसाच, फक्त आज झाकण दोनदा दाबून बघितलं.

वाचनालयात अकरापर्यंत खुर्ची मिळते, नंतर मिळत नाही. बागेतला बाक दुपारी तापतो. शहराचा दिवस मी कधी बघितलेला नव्हता. तो फार लांब आहे आणि त्यात माझ्यासारखे पुष्कळ पुरुष आहेत. सगळ्यांच्या हातात पिशवी असते, आणि सगळे कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे असतात. बाकावर डोळे मिटून नाम घेतलं. देवाकडे नोकरी मागायची होती, पण डुलकी लागली आणि मागायचं राहून गेलं.


शुक्रवार, १२ एप्रिल

उन्हाला कंटाळून रोज दुपारी बटणवाल्याच्या दुकानात उभा राहायचो. सोमवारी त्याला एक हुक पाऊण तास सापडेना. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असेल.

"नुसतं तोंड वाकडं करू नका," तो म्हणाला. "एवढे भांडारपाल होतात, तर या आत आणि लावून दाखवा. फुकट नाही म्हणत मी. पण माझ्या दुकानात मला बटण सापडेनासं झालं ना, तर तुम्हालाच टांगीन खुंटीला."

दोन दिवस मी काहीच हलवलं नाही. नुसता स्टुलावर बसून बघत होतो, तो कशासाठी कुठे हात घालतो, आणि विचारत होतो. हे चहाच्या डब्यात का? तर ती बटणं कोटाची, आणि कोटवाले शिंपी चार वाजता येतात तेव्हा त्याचा चहा चालू असतो. बिस्किटांचा डबा खाली का? बुटकी गिऱ्हाइकं असतात, त्यांना आत डोकावता यावं म्हणून. नशीब वगैरे काही नव्हतं. डबे हलवून चिठ्ठ्या लावल्या तर ही सगळी सोय पुसली जाईल.

तिसऱ्या दिवसापासून काम सुरू केलं. डबे जिथले तिथेच ठेवतो, फक्त आतला माल नीट करतो. अर्ध्या दिवसाचा पगार द्यायचं ठरलं आहे. तो म्हणाला, "दोन दिवस नुसतं बसून माझं डोकं खाल्लंत, त्याचे पैसे कापणार." कापले नाहीत.

गावी शाळेत असताना एकदा मी गुरुजींच्या टेबलावरची पुस्तकं नीट रचून ठेवली होती. त्यांनी ती निमूटपणे परत पसरली. त्यांना राग आला असं मला आजवर वाटत होतं.


बुधवार, २४ एप्रिल

आज दुकान लवकर बंद झालं. बटणवाल्याची दाढ दुखत होती. चार वाजताच इमारतीपाशी पोहोचलो. पाच वाजायला तासभर होता. बागेत परत जायचं जिवावर आलं, म्हणून जिना चढून दारापाशी गेलो. दार आतून लावलेलं. आत बायका हसत होत्या. तीन तरी असाव्यात. एक आवाज ओळखू येईना. लक्षपूर्वक ऐकलं तेव्हा कळलं, तो आमच्याच बायकोचा होता. एवढ्या मोठ्याने हसताना मी तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ऐकलं असेल.

दार वाजवलं नाही. चार पायऱ्या खाली येऊन जिन्यात बसलो.

काही वेळाने एक बाई वर आल्या. हातात कापडाची पिशवी, त्यातून एका जुन्या कपड्याची बाही लोंबत होती. मला बघून थबकल्या.

"शिवणाऱ्या बाईंचं घर हेच का?"

"हेच. आत गिऱ्हाईक आहे, थोडं थांबावं लागेल."

"तुम्ही पण कपडे टाकायला आलात?"

"नाही. मी त्यांचा नवरा."

"अगं बाई! मग बाहेर का बसलात?"

"आत माप चालू आहे," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं. पायरीवर जागा करून दिली, त्या बसल्या. पिशवी मांडीवर घेऊन हळूच म्हणाल्या, "शिवतात कशा हो? आमच्या तिकडची बाई झग्याची पार गोणी करते."

बायकोबद्दल असं कोणी मला कधी विचारलं नव्हतं. काय सांगावं याचा विचार करावा लागला. "वेळेवर देतात," मी म्हणालो. "शिवणीत माया ठेवतात. आणि तुमचा तो जुना कपडा आहे ना, तो कापडाभोवतीच गुंडाळून द्या. वेगळा करू नका."

कडी निघाली. दोन बायका बाहेर आल्या, मला बघून जराशा बाजूला झाल्या, मग एकीने मान हलवली आणि खाली उतरून गेल्या. दारात बायको उभी होती, गळ्यात टेप. नव्या बाईंना म्हणाली, "या, या." त्या आत गेल्या.

मला म्हणाली, "अजून अर्धा तास."

"चालेल."

ती आत वळली आणि तशीच परत आली. वाकून पायरीवर चहाचा कप ठेवला, आधीच ओतलेला, वर बशी झाकलेली. दार लागलं, कडी लागली.

चहा गरम होता. मी आल्याचं तिला कसं कळलं कोण जाणे. जिना तर मी आवाज न करता चढतो.